बालाघाट, पायीनघाट आणि दोन पूर्णा

१६३४ च्या ऑक्टोबरात दख्खनचा मोगल सुभेदार महाबतखान मेला. दौलताबादचा किल्ला पडून सव्वा वर्ष झाले होते. निजामशाहीचे जे काही उरले होते ते शहाजीराजे डोंगराडोंगरांतून सांभाळत होते. दख्खनचा एवढा मोठा कारभार पुन्हा एकाच माणसाच्या हाती द्यायचा नाही, असे शाहजहानने ठरवले आणि मुलखाचे दोन भाग केले. दौलताबाद, अहमदनगर, जालना, बीड, जुन्नर, संगमनेर, तेलंगण आणि वऱ्हाडाचा घाटावरचा भाग एकीकडे गेला. त्यावर खानजमान आला. खानदेश आणि वऱ्हाडाचा उरलेला मोठा भाग दुसरीकडे गेला, त्यावर खानदौरान. पहिल्या भागाचे नाव बालाघाट, दुसऱ्याचे पायीनघाट.

बाला म्हणजे वर, पायीन म्हणजे खाली. हे दोन्ही शब्द फारसी, त्यांना जोडलेला घाट मात्र आपला. सरहद्द ठरवताना भाषा पाहिली नाही, जुन्या घराण्यांची वतने पाहिली नाहीत, नदीही पाहिली नाही. अजिंठ्याच्या डोंगराची कड पाहिली. कडेच्या वरचा मुलूख एकाचा, कडेखालचा दुसऱ्याचा. पठार आणि खोरे हा फरक सुभेदारांच्या नेमणुकीत इतक्या उघडपणे वापरल्याचे दुसरे उदाहरण मला महाराष्ट्राच्या इतिहासात आठवत नाही.

ही वाटणी दोनच वर्षे टिकली. १६३६ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि मुलखाचे चार सुभे झाले. शब्द मात्र टिकले. वऱ्हाडात पायीनघाट हा शब्द पयानघाट या रूपात इंग्रजी अमदानीतही महसुलाच्या कागदांत चालत राहिला. बालाघाट तर गोदावरी ओलांडून दक्षिणेला गेला आणि बीड, लातूर, परभणीच्या डोंगररांगेचे नाव होऊन बसला. गंगाखेडचा माणूस आज बालाघाट म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती रांग असते, शाहजहानची वाटणी नव्हे.

जिंतूर मूळच्या अर्थाने बालाघाटातले. अजिंठ्याच्या रांगेचा एक फाटा परभणी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला येऊन पुढे हिंगोलीकडे सरकतो, निर्मळच्या डोंगरांपर्यंत जातो. त्या फाट्यावर हे गाव बसले आहे. तालुक्याच्या उत्तरेला पूर्णा, दक्षिणेला दुधना. परभणीहून बोरीमार्गे निघाले की पहिला निम्मा रस्ता काळ्या सपाट रानातून जातो. मग माती तांबूस होते, धुऱ्यावर दगडांचे ढीग दिसू लागतात, गाडीचा आवाज बदलतो. चढण इतकी सौम्य की घाट चढलो असे म्हणवत नाही. पण परभणी समुद्रसपाटीपासून ३४७ मीटरवर आहे आणि जिंतूरजवळच्या येलदरी धरणाची पूर्ण संचय पातळी ४६१.७७ मीटर. म्हणजे त्या जलाशयाचे पाणी भरल्या वेळी परभणीच्या रस्त्यांहून शंभर मीटरपेक्षा अधिक उंचीवर उभे असते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

शाळेत आपण सगळ्यांनीच ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली कागद मधोमध दुमडून दोन रकाने केले आहेत. पठार म्हणजे उंच, माथ्यावर बहुधा सपाट, निदान एका बाजूने तुटलेले. खोरे किंवा द्रोणी म्हणजे खोलगट, भोवती उंच जमीन असलेली. एकीकडे तिबेट, दुसरीकडे त्याच्या उत्तरेची तारीमची द्रोणी. एकीकडे दख्खन, दुसरीकडे गोदावरीचे खोरे. या शेवटच्या जोडीशी जिंतूरच्या मुलाने अडायला हवे, कारण तो दख्खनच्या पठारावर बसून गोदावरीच्या खोऱ्यात राहतो. एकाच वेळी दोन्ही रकान्यांत. पठार त्याच्या कडेवरून ओळखायचे, तर नदीचे खोरे पाणी कुठे जाते त्यावरून. पावसाचा थेंब जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरावर पडला तर तो पूर्णेने जावो की दुधनेने, शेवटी गोदावरीलाच मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. म्हणून ते गोदावरीचे खोरे. नेमगिरी बेसाल्टच्या थरावर थर चढून बनलेली आहे, म्हणून ते पठार. द्रोणी ही आणखी तिसरी गोष्ट, आणि ती कशी असते हे पाहायला डोंगराच्या पलीकडे उतरावे लागते.

पलीकडेही एक पूर्णा आहे. नकाशावर ही दोन नावे एकमेकींच्या इतकी जवळ येतात की घोटाळा होतोच. एक पूर्णा सातपुड्यात, बैतूलच्या बाजूला उगवते, अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या सपाटीतून पश्चिमेला जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, आग्नेयेला वळते, जालना, बुलडाणा, परभणी, हिंगोली करत पूर्णा तालुक्यातल्या कंठेश्वरजवळ गोदावरीत उतरते. पहिलीचे पाणी अरबी समुद्राला, दुसरीचे बंगालच्या उपसागराला. मध्ये उभी आहे ती अजिंठ्याची रांग. तिच्या माथ्यावर बुलडाणा सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, आणि पायथ्यापलीकडे अकोला तीनशे मीटरच्याही खाली.

दोन्ही पूर्णांच्या काठी विहीर खणून पाहिली की भूगोलाचे पुस्तक मिटले तरी चालते. जिंतूरच्या माळावर हातभर बरड माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंग लावल्याशिवाय तो हलत नाही. त्याखाली कधी मांजऱ्या लागतो, म्हणजे वायूच्या पोकळ्या पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला मऊ खडक. कधी वीतभर जाडीचा तांबडा गेरूसारखा थर लागतो. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक लोंढा थंड झाला, त्याचा पृष्ठभाग उन्हापावसात कुजला आणि त्यावर दुसरा लोंढा येऊन पसरला. त्या मधल्या काळाची ती खूण. पाणी असते ते दगडाच्या भेगांत आणि मांजऱ्यात. लागले तर गोड, पण माघ-फाल्गुनात तळ दिसू लागतो. पलीकडे तापीच्या पूर्णेकाठी सगळेच उलटे. तिथली जमीन खचत गेली आणि सातपुडा नि अजिंठा यांच्यामधल्या त्या लांबट खळग्यात नद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. फावड्याने खणत जावे, दगड आडवा येत नाही. पाणीही लागते, पण खारे. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या शेतकऱ्याला खारपाणपट्टा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पठार लाव्हा साचून उंच झाले, द्रोणी खचून गाळाने भरली. वर पाणी थोडे आणि गोड, खाली भरपूर आणि खारट.

या दोन मुलखांमध्ये जे युद्ध सतराव्या शतकाच्या आरंभी झाले, ते मला पठार-खोऱ्याच्या फरकाचा सर्वांत बोलका धडा वाटतो. अकबराच्या फौजा १५९७ च्या फेब्रुवारीत आजच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठपर्यंत, गोदावरीच्या काठापर्यंत आल्या होत्या. खानखानान अब्दुर्रहीमने तिथे सुहेलखानाच्या दख्खनी फौजेचा पराभव केला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्लाही मोगलांनी घेतला. तरीही पुढची पंचवीस वर्षे त्यांना घाटावर स्थिर बसता आले नाही, कारण तिथे निजामशाहीचा मलिक अंबर होता.

मोगलांचे बळ खोऱ्यात होते. बऱ्हाणपूर तापीकाठी. तिथून पूर्वेला सपाटीने यावे, बाळापूरला छावणी टाकावी. काळ्या कसदार जमिनीचा मुलूख, ज्वारी आणि कापसाचा. दाणा-वैरण मिळते, तोफा बैलांनी ओढता येतात, मागच्या ठाण्याशी रस्ता तुटत नाही. अडचण घाट चढल्यावर सुरू होई. रोहिणखेडसारख्या वाटांनी फौज वर आली की रस्ता अरुंद, मागून येणारी रसद लांब, पुढे ओढ्यानाल्यांनी चिरलेला माळ. अंबरचे हलके मराठी घोडदळ तोंडावर येत नसे. ते बाजूने येई, धान्याचे बैल मारी, वैरण जाळी आणि दिसेनासे होई. मोठ्या लढाईत मोगल जिंकत, आणि जिंकूनही पुन्हा घाट उतरत. या लढ्यात पठाराने अंबरला हजार स्वारांएवढी साथ दिली, असे मी म्हणेन.

१६१६ च्या आरंभी हेच घडले. खानखानानचा मुलगा शाहनवाजखान बाळापुरात होता. सिंदखेडचे लखुजी जाधवराव आणि आणखी काही सरदार अंबरला सोडून त्याला येऊन मिळाले. लखुजी घाटावरचे. त्यांना वाटा ठाऊक, पाणवठे ठाऊक. घाटावरची माणसे बरोबर आली तेव्हाच मोगल फौज बेधडक वर चढली. जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला आणि त्याची खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, मोगलांनी उद्ध्वस्त केली. दुसऱ्या वर्षी शाहजादा खुर्रम बऱ्हाणपूरला आला, आदिलशहा मध्यस्थीला पडला आणि तह झाला. त्यात मोगलांनी काय मागितले? अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा मुलूख. कागदावर तो मिळालाही.

१६२० मध्ये अंबर पुन्हा उठला. या वेळचा माघारीचा मार्ग नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखा आहे. मोगल सरदार दाराबखान घाटावर मेहकरला होता. मेहकर जिंतूरच्या उत्तरेला, दोन-तीन मजलांच्या अंतरावर. तिथे रसद तुटली, तेव्हा तो घाट उतरून बाळापूरला आला. बाळापूरही सोडावे लागले, तेव्हा बऱ्हाणपूरला. मेहकर, बाळापूर, बऱ्हाणपूर: पठार, खोरे, खोऱ्याचे तोंड. भांड्यातले पाणी ओतावे तशी फौज उताराने वाहत गेली. पुढच्या वर्षी खुर्रम परत आला आणि पुन्हा वर चढला. हाच खुर्रम पुढे शाहजहान झाला. तेव्हा १६३४ मध्ये त्याने दख्खनची वाटणी घाटावर केली, ती आग्र्याच्या दिवाणखान्यात सुचलेली कल्पना नव्हती. ही कड त्याने स्वतः दोनदा अनुभवली होती. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला, तोवर बालाघाट पुरता मोगलांचा झाला नव्हता.

दोन पूर्णांची जोडी इतिहासात आणखी एकदा येते, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धातल्या दख्खनच्या दोन मोठ्या लढायांपैकी एक या पूर्णेच्या खोऱ्यात झाली, दुसरी त्या पूर्णेच्या. २३ सप्टेंबरला आसई. हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ. त्यांचे पाणी गोदावरीच्या पूर्णेला जाते आणि पुढे जिंतूरच्या हद्दीवरून वाहते. पठारावरच्या या लहान नद्या दिसायला ओढ्यासारख्या, पण थर कापत गेल्यामुळे काठ उभे. शिंद्यांच्या तोफा त्या उभ्या काठामागे होत्या. वाटाड्यांनी उतार नाही असे सांगितले. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली आणि त्याने ताडले की इथे माणसे नदी ओलांडत असणारच. त्या उतारावरून तो पलीकडे गेला. जिंकला, पण त्याचे सुमारे दीड हजार लोक मेले किंवा जखमी झाले.

नोव्हेंबरात वेलस्ली घाट उतरून पयानघाटात आला आणि २९ तारखेला अकोला जिल्ह्यातल्या आडगावला लढाई झाली. इथे आसईसारखे उभे काठ नव्हते. एका गावाच्या बुरुजावर चढून त्याने पाहिले तर कोसावरची फौज नजरेत आली. गाळाच्या सपाटीवर लपायला जागाच नाही. नागपूरच्या भोसल्यांचे लोक ओळीत उभे राहिले आणि दुपारनंतर सुरू झालेली लढाई संध्याकाळी संपली. इंग्रजांची हानी आसईच्या चौथ्या हिश्श्याच्याही आत. फरकाला कारणे अनेक आहेत. आसईला शिंद्यांचे कवायती पायदळ आणि तोफखाना होता, आडगावला तसे बळ नव्हते. तरी जमिनीचा वाटा मला कमी वाटत नाही. डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला.

पुढे ५० वर्षांनी, १८५३ च्या मे महिन्यात, हैदराबादच्या निजामाने आपल्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या इंग्रजी फौजेच्या देण्यापोटी वऱ्हाड कंपनीकडे सोपवले. या वेळी रेषा कडेवर पडली नाही. मेहकर, लोणार, वाशीम, रिसोड हे घाटावरचे गाव-तालुकेही वऱ्हाडाबरोबर गेले. जिंतूर निजामाकडे राहिले. एकाच माळाचे दोन तुकडे झाले. एका बाजूला इंग्रजी अंमल, दुसऱ्या बाजूला मोगलाई, म्हणजे निजामाचा अंमल. शेताचा धुरा ओलांडावा तशी लोकांनी ही सरहद्द ओलांडली. ९५ वर्षांनी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात, तिचा उपयोग झाला. निजामी पोलिसांना चुकवून कार्यकर्ते वऱ्हाडातल्या सरहद्दीवरच्या गावांत जात, तिथल्या तळांवरून पुन्हा आत येत. १७ सप्टेंबर १९४८ ला ती रेषा निरर्थक झाली.

लोणारचे नाव आले म्हणून दोन वाक्ये. जिंतूरपासून सरळ रेषेत ४०-४५ किलोमीटरवर, याच बेसाल्टच्या माळात, आकाशातून आलेल्या पाषाणाने जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पाडले आहे. त्यात पाणी उतरते, बाहेर मात्र जात नाही. वाफ होते आणि क्षार मागे उरतात. ज्याला खऱ्या अर्थाने बंद द्रोणी म्हणावे, ती पाहायची असेल तर महाराष्ट्रात लोणारला पर्याय नाही.

आता येलदरी.

जिंतूरहून पंधरा-सोळा किलोमीटरवर पूर्णा डोंगरांच्या कुशीतून बाहेर पडते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, येलदरीचे काम सुरू झाले. मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांमध्ये हे पहिल्या पिढीतले. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी केली ती १९६५ मध्ये. शंकरराव चव्हाण तेव्हा राज्याचे पाटबंधारे खाते सांभाळत होते, आणि मराठवाड्याच्या नद्यांवर त्यांनी धरलेला आग्रह त्या पिढीतल्या लोकांना अजून आठवतो.

मातीचे धरण कसे बांधतात हे जवळून पाहिले की पठार आणि खोरे दोन्ही त्यात भरलेले दिसतात. आधी नदीच्या आडवा चर खणायचा, पक्का पाषाण लागेपर्यंत. त्यात आणि वर भिंतीच्या पोटात गाभा भरायचा. तो चिकण काळ्या मातीचा असतो, कारण ती ओली झाली की फुगते आणि पाणी अडवते. पण काळी माती एकटी उभी राहत नाही, घसरते. म्हणून दोन्ही बाजूंनी मुरमाचे जाड कवच. थर टाकायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, पुन्हा थर. पाण्याच्या बाजूला दगडांचे पिचिंग, म्हणजे लाटांनी मुरूम धुपत नाही. काळी माती खोऱ्यातली, मुरूम आणि दगड माळावरचे. अशा रीतीने चार किलोमीटरहून लांब आणि ५१ मीटर उंच बांध तयार झाला. काम चालू असतानाच १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. काम संपत आले तेव्हा, ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेचा भूकंप झाला. धरण या शब्दाची भीती महाराष्ट्राला तेव्हा पहिल्यांदा कळली. त्या वातावरणात येलदरी पुरे झाले, १९६८ मध्ये. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, त्यातला ८१० च्या आसपास वापरता येण्याजोगा. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, मिळून साडेबावीस मेगावॉट वीज.

येलदरीने एक कृत्रिम द्रोणी तयार केली, डोंगराच्या आत. पण तिचे पाणी तिथल्या रानासाठी नव्हते. येलदरीला कालवा नाही. पाणी जनित्रांतून खाली नदीत सुटते, वाहत सिद्धेश्वरला जाते. सिद्धेश्वरचे धरण आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हिंगोली १ मे १९९९ ला वेगळी झाली, तोवर तेही परभणीतच. कालवे निघतात ते तिथून, आणि उताराने वसमत, परभणी, पूर्णा, नांदेडकडे जातात. प्रकल्पाचे सिंचनक्षेत्र सुमारे ५८ हजार हेक्टर. वसमतला ज्या साखर कारखान्याचे नावच पूर्णा आहे, तो या पाण्यावर उभा राहिला. हळद आली, केळी आली. अभियंत्याची चूक यात नाही. कालवा उतारानेच जाणार, आणि खालची काळी जमीन पाणी धरून ठेवते, बरड माळ धरत नाही. पण वर सांगितलेला ४६१.७७ चा आकडा इथे आठवावा. जलाशयाच्या काठचे शेत त्या पातळीच्या वर असते. पाणी डोळ्यांसमोर, तरी शेतात आणायचे तर पंप लावून वर चढवावे लागते. उन्हाळ्यात जलाशय मागे हटला की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत गाळपेर करायची, आणि पावसाळ्यात ती पुन्हा पाण्याला द्यायची.

बुडितातली गावे वर सरकली. कसदार जमीन नदीच्या काठची होती, तीच गेली, बदल्यात माळ आला. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. येलदरी पुरे झाले तेव्हा तो नव्हता. या लोकांनी काय दिले याची नोंद वसमतच्या उसाच्या फडात किंवा नांदेडच्या नळात कुठेच दिसत नाही, आणि ती दिसायला हवी असे मला मनापासून वाटते.

धरण पुरे झाल्यावर चारच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. राज्यभर दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडायला बसली. रस्त्याच्या कडेला ढीग, हातात हातोडी, दुपारी सुकडी. जो काळा दगड जिंतूरच्या विहिरीला आडवा येतो, ज्यातून चारठाण्याच्या यादवकालीन देवळांचे खांब कोरले गेले, ज्याच्या पोटात नेमगिरीची ठेंगण्या दारांची जैन लेणी आहेत आणि तीर्थंकरांच्या दर्शनाला वाकून आत जावे लागते, तोच दगड त्या वर्षी पोटासाठी फोडला गेला.

दरम्यान नद्यांच्या वाटणीचा वाद दिल्लीत पोहोचला होता. १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी लवाद नेमला गेला. लवादापुढे राज्याची सीमा ही एक बाजू, खोरे ही दुसरी. पठार कोणाचे हा प्रश्न तिथे नव्हता, पाणलोट कुठला हा होता. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ ला करार झाला आणि तो १९८० च्या अंतिम निवाड्याचा भाग बनला. त्यात महाराष्ट्राला मोकळेपणाने वापरता येणाऱ्या पाण्याची हद्द दोन धरणांनी आखली आहे: गोदावरीवर पैठण आणि पूर्णेवर सिद्धेश्वर. त्या दोन भिंतींच्या वर पडणारे सगळे पाणी महाराष्ट्राचे. खाली, पोचमपाड धरणापर्यंत, नव्या प्रकल्पांना ६० अब्ज घनफुटांची मर्यादा. शाहजहानने घाटाची कड धरून वर आणि खाली वेगळे केले होते. साडेतीनशे वर्षांनी वर आणि खाली पुन्हा वेगळे झाले, या वेळी धरणाची भिंत धरून.

सिद्धेश्वरच्या वर वापराला मोकळीक मिळाल्यावर वरच्या अंगाला धरणे होत गेली. बुलडाणा जिल्ह्यात, हीच पूर्णा जिथे खडकपूर्णा म्हणवते, तिथेही मोठे धरण झाले. पावसाने ओढ दिली की येलदरीला पोहोचणारे पाणी त्यामुळे आणखी घटते, आणि जिंतूर-परभणीच्या नळांना येणारे पाणी येलदरीचेच आहे. खोऱ्यात वरचा आणि खालचा हे नाते प्रत्येक भिंतीपाशी बदलते. वसमतसाठी येलदरी वर आहे, येलदरीसाठी खडकपूर्णा वर.

म्हणून पाण्याचे नियोजन करणाऱ्यांकडे एक मागणी आहे. लाभक्षेत्र मोजताना कालव्याची उतारावरची रेषा मोजली जाते, ती मोजावीच. पण येलदरीच्या काठावर, पातळीच्या वर राहिलेल्या जिंतूर आणि सेनगावच्या माळावरच्या गावांना उपशाने उचलायच्या पाण्याचा ठरलेला, कागदावर लिहिलेला वाटा असावा, आणि पंपाच्या विजेचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरावा. त्या गावांची नदीकाठची जमीन त्याच पाण्याखाली आहे.